लिंबू, महाळुंग, चकोत : सीमाभागातली नावे आणि त्यांचे गुण

भालकीच्या बाजारात लिंबू विकणाऱ्या बाईच्या कानांवर एका सकाळी चार भाषा पडतात. मराठी गिऱ्हाईक 'लिंबं' मागते, कन्नड गिऱ्हाईक 'लिंबिहण्णु', दखनी बोलणारे 'निंबू', आणि जहीराबादकडचा कुणी आलाच तर 'निम्मकाय'. तिला चारही शब्द कळतात आणि भाव चौघांनाही एकच असतो. फळ समोर असते तोवर नावाने काही बिघडत नाही. अडचण येते ती फळ समोर नसते तेव्हा. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचे पत्रक, औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद, शाळेचे पुस्तक, मोबाइलवर फिरणारे सल्ले, या सगळ्यांत फळाच्या जागी फक्त त्याचे नाव असते. ते चुकले की गुणही चुकतो. मी आहारतज्ज्ञ नाही, महाविद्यालयात साहित्य शिकवते. पण या फळांच्या गुणांविषयी बोलताना नावांचा हिशेब आधी नीट लावावा लागतो, आणि ते काम भाषेच्या शिक्षकाला टाळता येत नाही.

या कुळाला वनस्पतिशास्त्रात सिट्रस म्हणतात. मराठीत 'लिंबूवर्गीय फळे' हा शब्द शेतीविषयक लेखनातून रूढ झाला. शब्द सोयीचा आहे, पण थोडा फसवाही आहे. कारण त्यामुळे लिंबू हाच या घराण्याचा मूळपुरुष आहे असे वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. २०१८ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाने या कुळाचे उगमस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत या पट्ट्यात दाखवले. आज आपण खातो त्यातली बहुतेक फळे प्रामुख्याने तीन मूळ जातींच्या संकरातून आलेली आहेत : महाळुंग, चकोत आणि मँडरिन, म्हणजे आपल्या संत्र्याचे कूळ. चकोत आणि मँडरिन यांच्या संकरातून मोसंबीचे घराणे निघाले. महाळुंग आणि एक रानटी जात यांच्यापासून आपले कागदी लिंबू झाले. म्हणजे लिंबू हे या घरातले लेकरू. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही अशा लहानग्याला आपण 'लिंबूटिंबू' म्हणतो, ते या अर्थाने बरोबरच म्हणायचे.

तिन्ही मूळ फळांना आपल्या भागात जुनी नावे आहेत. महाळुंग हे संस्कृतातले मातुलुंग. बिया पुष्कळ म्हणून त्याला बीजपूर असेही म्हणत, त्यावरून हिंदीत बिजौरा. कन्नडमध्ये तेच मादल. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते हेच. कित्येक भाविक त्याला लिंबू किंवा डाळिंब समजतात. आता महाळुंग बाजारात क्वचित दिसते. त्याची साल बोटभर जाड, गर थोडा, रस त्याहून थोडा. त्यामुळे ते पिळायचे नव्हे, तर सालीसकट मुरवायचे फळ आहे. साखरेच्या पाकात त्याचा मुरंबा होतो आणि मिठात लोणचे.

चकोताची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कन्नडमध्ये चक्कोत, हिंदीत चकोतरा आणि आपल्या सीमेवरच्या मराठीत चकोत हे एकच फळ. पश्चिम महाराष्ट्रात गेलात की त्याचे पपनस होते. हे नाव डच भाषेतल्या 'पोंपेलमूस'शी जोडले जाते, तमिळमध्येही त्याचे 'पंबळिमासु' झाले आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे त्यालाच तोरिंजन म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी फारसी 'तुरंज' आहे, आणि फारसीत तुरंज म्हणजे महाळुंग! एका मूळपुरुषाचे नाव वाटेत दुसऱ्याच्या गळ्यात पडले. नावे अशी फळ बदलतात हे ध्यानात ठेवावे, त्याचे कारण पुढे येईल.

'नारंग' या शब्दाचा प्रवास अनेकांना ठाऊक आहे. त्याचे मूळ द्राविडी असावे असे पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातून फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा, आणि पुढे जाता जाता पहिला 'न' गळून इंग्रजीत ऑरेंज. कोडगूच्या ज्या फळाला कन्नडमध्ये कित्तळे म्हणतात त्याला आपण नागपूरच्या शिरस्त्याने संत्रे म्हणतो. 'संत्रे' हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा या गावावरून आला अशी एक व्युत्पत्ती पूर्वी सांगितली जाई. परंतु बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांची जी जंत्री दिली आहे तिच्यात 'संगतरा' आहे, आणि बाबर वारला १५३० साली. पोर्तुगीज भारतात येऊन तेव्हा जेमतेम तीस-बत्तीस वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत एका पोर्तुगीज गावाचे नाव उत्तरेत फळाचे नाव होऊन रुळले, हे मला पटत नाही. मोसंबीचे मात्र तसे नाही. ती आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आली, म्हणजे नाव तरी तिथून आले, हे सर्वमान्य आहे. तेलंगणात हीच मोसंबी 'बत्तायी' होते, आणि बीदरच्या रसवंतीवर हैदराबादहून आलेला पाहुणा मोसंबीच्या ढिगासमोर उभा राहून बत्तायी आहे का म्हणून विचारतो.

राहिले लिंबू. संस्कृत 'निंबूक'मधला न मराठीत ल झाला. मराठीला ही खोड जुनीच आहे : निंबाचा लिंब झाला, नवनीताचे लोणी झाले. पण फारसीतही लिंबाला 'लीमू' म्हणतात, आणि त्याच लीमूपासून युरोपात लेमन आणि लाइम हे दोन्ही शब्द गेले. ही जोडी पुढच्या कथेतली मुख्य पात्रे आहेत.

स्कर्व्ही हा लांबच्या समुद्रप्रवासात होणारा रोग. हिरड्या सुजतात, रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, माणूस खचून मरतो. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश शल्यवैद्याने 'सॅलिसबरी' जहाजावरच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लेमन मिळाले ते सहा दिवसांत उठून बसले. नौदलाने हा धडा अमलात आणायला १७९५ साल उजाडले. तेव्हापासून खलाशांना लेमनचा रस मिळू लागला आणि स्कर्व्ही जवळजवळ हटला. पुढे १८६०च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडचे लेमन सोडून वेस्ट इंडीजमधले लाइम वापरायला सुरुवात केली. त्या काळी 'लाइम ज्यूस' हा शब्द दोन्ही रसांना सर्रास लावला जात असे, म्हणून काही बदलले आहे असे कुणाला वाटलेच नाही. १८७५-७६च्या नेर्स यांच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले. बर्फावरच्या तुकड्यांनी तर रस बरोबर नेलाच नव्हता, पण एकंदरीत लाइमच्या रसावरचा विश्वासच उडाला. स्कर्व्ही लिंबाच्या अभावी होतच नाही, असे म्हणणारे वैद्यही निघाले. अखेर १९१८ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही रस प्राण्यांवर तपासले. लेमनच्या मानाने लाइमच्या रसाची ताकद जेमतेम चौथाई भरली. एका नावाखाली दोन फळे गेल्याने अर्धे शतक गोंधळात गेले.

आपले कागदी लिंबू हे त्यातले लाइम आहे, लेमन नव्हे. पण आपल्या मुलांना इंग्रजीच्या पुस्तकात 'लेमन' शिकवले जाते, आणि मग 'लेमनमध्ये इतके जीवनसत्त्व' हा परदेशी आकडा आपण खुशाल आपल्या लिंबाला लावतो.

हे जीवनसत्त्व म्हणजे क. ते १९२८ साली हंगेरीचे आल्बेर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनी वेगळे काढले. आपल्या हाती काय लागले आहे हे तेव्हा त्यांना पुरते कळले नव्हते, म्हणून 'मला माहीत नाही' आणि 'साखर' या दोहोंचा जोड करून त्यांनी त्याला एक गमतीचे नाव दिले. संपादकाने ते छापायला नकार दिला. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच पदार्थाचे नाव ठरले होते ॲस्कॉर्बिक आम्ल. स्कर्व्ही नाहीसा करणारे ते अ-स्कॉर्बिक. यातला 'अ' ग्रीक आहे, पण आपल्या 'अशक्त', 'अज्ञान' यांतल्या 'अ'चा तो सख्खा भाऊ. विद्यार्थ्यांना ही जोड सांगितली की ते नाव विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. मध्यम आकाराचे एक संत्रे किंवा मोसंबी खाल्ली की त्याचा बहुतेक वाटा भरून निघतो. कागदी लिंबातून निघतो तीन-चार चमचे रस, आणि त्यातून मिळते पाच ते दहा मिलिग्रॅम. म्हणजे वरणावर एक फोड पिळली आणि दिवसाचे काम झाले, हे खरे नाही. पेरूत मात्र तेवढ्याच वजनाच्या संत्र्याच्या सुमारे चौपट क जीवनसत्त्व असते, आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. ही दोन्ही फळे लिंबूवर्गीय नाहीत, पण विषय निघाला असता त्यांना वगळणे अन्यायाचे होईल. शिवाय ती स्वस्त आहेत.

इथे आणखी एक शब्द दिशाभूल करतो, तो म्हणजे 'आंबट'. आंबट ते क जीवनसत्त्वाचे, अशी आपली ठाम समजूत असते. चिंच लिंबाइतकीच आंबट, पण तिचा आंबटपणा टार्टारिक आम्लाचा आहे आणि क जीवनसत्त्व तिच्यात नगण्य. आपल्या भागात चिंचेवाचून आमटी होत नाही. 'आमटी' या शब्दातच आंबट लपलेले आहे, आणि कन्नडमध्ये तर 'हुळी' म्हणजे आंबटही आणि कालवणही. तेव्हा आमटी रोज खाणाऱ्या घरात क जीवनसत्त्व कमी पडू शकते, हे ऐकून माझ्या वर्गातल्या मुली चकित होतात.

त्या मुलींसाठीच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आमच्याकडे याला कुणी रक्तक्षय म्हणत नाही. मराठी घरात 'अंगात रक्त नाही' म्हणतात, कन्नड घरात 'रक्त कडिमे', आणि पत्रकावर छापलेले असते 'रक्तहीनते'. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मेथी, हरभऱ्याचा पाला या आपल्या ताटात लोह आहे. कलबुर्गीच्या तुरीला तर भौगोलिक मानांकन आहे. पण धान्यडाळीतले हे लोह शरीर सहजी घेत नाही. ज्वारीत आणि डाळीत फायटेट नावाचे घटक असतात, ते लोहाला धरून ठेवतात. क जीवनसत्त्व त्याच जेवणात पोटात गेले तर ते लोहाला अशा रूपात आणते की आतड्यांना ते शोषता यावे. लिंबातले सायट्रिक आम्लही याला थोडा हातभार लावते. अट एकच, दोन्ही एकाच वेळी पोटात हवीत. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी भाकरी, असे केल्याने लोहाच्या बाबतीत काही साधत नाही.

म्हणून भाजी-वरणावर लिंबू पिळावे ते ताटात, चुलीवर नव्हे. कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नाश पावते. जेवणानंतर अर्धा पेरू किंवा संत्र्याच्या चार फोडी खाव्यात. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहातले टॅनिन लोहाला अडवते, तासभर थांबावे. शाळा-महाविद्यालयांत आठवड्याला जी निळी गोळी देतात ती लोहाचीच. तीही चहा-दुधाबरोबर न घेता जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. कन्नड पत्रकात त्या गोळीविषयी 'कब्बिणांश' असा शब्द असतो. मराठी घरातून आलेल्या एका मुलीने तो 'कब्बु'शी, म्हणजे उसाशी जोडला होता, आणि गूळ खाल्ला की गोळीची गरज नाही असे ती मानत होती. कब्बिण म्हणजे लोखंड, हे तिला सांगितल्यावर सगळा उलगडा झाला. अशा वेळी आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई दोन्ही शब्द उच्चारतील तर बरे.

येळवसेच्या दिवशी, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत शेताशेतांत जेवणे होतात. त्यातली भज्जी ही हरभऱ्याचा पाला, तुरीचे नि पावट्याचे ओले दाणे, गाजर, मेथी असे शेतातले सगळे एकत्र शिजवलेले. चिंच तिच्यात असतेच. पानात वाढल्यावर वरून लिंबाची फोड पिळली तर चवही खुलते आणि हिरव्या पाल्यातले लोहही कामी येते. कलबुर्गीच्या अफजलपूर तालुक्याला लागून विजयपुर जिल्ह्याचा इंडी तालुका आहे. तिथल्या लिंबाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पातळ सालीचे, रसाळ, वासाने ओळखू येणारे हे लिंबू आपल्या दारचे आहे.

खाण्याचे बाकीचे प्रकार घरोघर ठाऊक आहेत, सगळे सांगत बसत नाही. मात्र कन्नड घरातला चित्रान्न मराठी घरांनी उचलावा असे मला फार वाटते. मोकळा भात, मोहरी-हरभराडाळ-शेंगदाण्यांची फोडणी, हळद, आणि भांडे खाली उतरवल्यावर लिंबाचा रस. हा क्रम ज्याने ठरवला त्याला जीवनसत्त्वाचे शास्त्र माहीत नव्हते; शिजवलेले लिंबू कडवटते एवढे जिभेला कळले होते. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरीही तशीच. ती आणि आपली कोशिंबीर या तर बहिणीच. लोणच्याविषयी मात्र हात आखडता घ्यावा. वर्षभर मुरलेल्या लिंबाच्या लोणच्यात क जीवनसत्त्व फारसे उरत नाही, मीठ मात्र सगळेच्या सगळे उरते, आणि रक्तदाब असणाऱ्याने त्याला औषध मानू नये.

उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत मोठा आधार देते. पाणी पोटात जाते, घामाने गेलेले क्षार थोडे भरून येतात. शिवाय लिंबातले सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला बांधून मुतखडा होण्याला अटकाव करते. उन्हात राबणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही गोष्ट लहान नाही. जुलाबात मात्र अंदाजाचे सरबत चालत नाही. तिथे एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हेच माप हवे, लिंबू असो वा नसो. मोसंबी-संत्र्याचा रस काढण्यापेक्षा फोडी खाव्यात. रसात साखर येते आणि चोथा मागे राहतो. मधुमेह असणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. अनशापोटी लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळते, याला आधार नाही. दातांवरचे कवच मात्र आम्लाने झिजते, तेव्हा नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. सर्दी क जीवनसत्त्वाने टळत नाही, रोज घेणाऱ्याची किंचित लवकर आटोपते, इतकेच.

आता ज्या गोष्टीसाठी चकोताची नावे वर इतकी सांगितली ती. आमच्याकडे भाषांतराच्या तासाला औषधांबरोबरच्या माहितीपत्रकांचे उतारे मी मुद्दाम देते. त्यात एक वाक्य हटकून येते : हे औषध घेत असताना ग्रेपफ्रूट खाऊ नये. दरवर्षी निम्मा वर्ग त्याचे भाषांतर 'द्राक्षे खाऊ नयेत' असे करतो. कन्नड माध्यमातून आलेली मुलेही 'द्राक्षि'च लिहितात. ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी संबंध एवढाच की त्याची फळे झाडाला घोसाने लगडतात. अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर चकोत आणि गोड संत्रे यांच्या संकरातून ते निपजले. त्याच्या रसातले काही घटक आतड्यातल्या एका विकराला निकामी करतात. हे विकर पुष्कळ औषधांचा काही भाग रक्तात जाण्यापूर्वीच मोडत असते. ते बंद पडले की नेहमीच्याच गोळीचे प्रमाण रक्तात कितीतरी वाढते. फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाबाबत कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये हे मांडले. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिम्व्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन या गोळ्यांनाही ते कमी-अधिक लागू आहे.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात येत नाही, तेव्हा या सूचनेचा आपल्याला काय उपयोग, असे वाटेल. पण तेच घटक त्याच्या बापात, म्हणजे चकोतातही आहेत, आणि चकोत परसात असते. 'द्राक्षे खाऊ नयेत' वाचणारा आजोबा निरुपद्रवी द्राक्षे सोडतो आणि चकोत निर्धास्त खातो. साधे संत्रे, मोसंबी यांनी हा त्रास होत नाही. म्हणजे 'आंबट फळे वर्ज्य' हे भाषांतरही चुकीचेच, त्याने माणूस नको तेवढे सोडून देतो. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी आता असे लिहून घेते : 'ग्रेपफ्रूट व त्याच्या जातीचे चकोत (पपनस, चक्कोत, चकोतरा) खाऊ नये, द्राक्षे चालतील.' वाक्य लांबते, शैली बिघडते, पण राहू द्यावे. अशी गोळी चालू असेल तर चकोत खावे की नाही हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि विचारताना शक्य तर फळच दाखवावे.

ज्यांना गोळी नाही त्यांनी चकोत जरूर खावे. साल जाड असते, चार उभे छेद देऊन ती हातानेच सोलावी. आतला पांढरा कापूस आणि फोडीवरचा पापुद्रा कडू असतो, तो धीराने काढावा लागतो, घाई केली तर सगळे फळ कडू लागते. गुलाबी गर मोकळा करून त्यावर मीठ, तिखट आणि जिरेपूड भुरभुरावी. एक फळ चौघांना पुरते.